विझवायची वेळ

मनव्वानं ढेकूळ उचललं, फोडलं,
कडेचा एक कण जिभेवर ठेवला
आणि थुंकली.
"कच्च्या करवंदागत."
मी म्हटलं, माती कुणी चाखतं काय गे?
"आमटीचं मीठ बघतेच की."

कार्ड नंतर आलं, खानापूरहून, कानडीत.
शेजारच्या सातेरीची थोरली पोर
अंगणात उभी राहून वाचत गेली,
"रससार, म्हणजे सामू, चार पॉइंट नऊ."
पुढच्या ओळीला अडली.
"हुळी, काका. आंबट."
मनव्वा बोलली काही नाही,
नुसती बांधावरच्या जाळीकडं बघत राहिली.

आमच्याकडं पाऊस मुक्कामाला येतो.
कणकुंबीच्या घाटमाथ्यावरून उतरतो, चार महिने बसतो,
आणि उठताना मातीच्या पोटातलं सगळं
मलप्रभेच्या ओटीत घालून जातो.
मागं उरते ही तांबडी.
दिसायला कौलासारखी,
भाताला द्यायला तिच्याकडं काही नाही.

मी तीस वर्षं कौलांच्या भट्टीवर काढली.
रात्रपाळीला भोकाला डोळा लावून
आगीच्या रंगावरून सांगायचो, अजून दोन तास.
पुरतं भाजू दे, एवढंच माझं शिक्षण.
अर्धं कच्चं कौल आषाढात तोंड दाखवतं.

आणि आता कृषी कॉलेजचा निंगराज,
माझ्या धाकट्यापेक्षा लहान,
मला आग शिकवू लागला.
कमरेएवढा खड्डा, वर रुंद, तळाला निमुळता.
काजूची छाटणी, मक्याची बुरकुंडं, बांबूचे तुकडे.
एक थर पांढरा पडायला लागला
की त्यावर दुसरा,
खालच्याला हवा मिळता कामा नये.
आणि राख व्हायच्या आधी पाणी.

राख व्हायच्या आधी.
इथंच माझा हात अडायचा.
घागर उचललेली, डोळा जाळावर,
आणि आतून कुणीतरी म्हणायचं, अजून दोन तास.
तीन खड्डे असे गेले. भांडी घासण्यापुरती राख.
"तुम्ही भट्टी सोडली," मनव्वा म्हणाली,
"भट्टीनं तुम्हाला सोडलं नाही."
चौथ्या वेळी घागर तिनंच ओतली.

वाफ बसल्यावर एक तुकडा उचलून
मी सवयीनं दगडावर वाजवला.
टण्ण.
चांगल्या कौलाचा आवाज.
त्या दिवशी मला तो कोळसा आपला वाटला.

घाई झाली. तसाच कोरडा शेतात घातला.
भादव्यात रोपं हळदीगत पिवळी.
नंदगडच्या बाजारात चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं,
"भरमाणी शेतात मसणवटा पेरूलाय."
हसले सगळे. मीही हसलो, चहा टाकून उठलो.

दोष त्याचा नव्हता. उपाशी होता तो.
अंगभर भोकं, मधाच्या पोळ्यासारखी,
रोपांच्या ताटातलं त्यानं आधी ओढलं.
"पाहुण्याला जेवू घालावं आधी," मनव्वा म्हणाली,
"मग खुरपं द्यावं हातात."
फुटक्या डोणीत महिनाभर भिजवला,
गोमूत्र, शेणकाला, ताकाचं धुवण.
वास असा, की सातेरीची पोर नाक धरून
मागच्या दारानं शाळेला जायची.

यंदा तिसरं वर्ष.
कार्ड पुन्हा आलं. पाच पॉइंट पाच.
फार नाही. तेही वरच्या दोन गुंठ्यांचं,
बाकी शिवार आहे तसंच.
त्या दोन गुंठ्यांत मात्र रताळ्याचे वेल
बांध ओलांडून सातेरीच्या हद्दीत गेले,
आणि तो ओरडला नाही.

काल तिनं पुन्हा ढेकूळ फोडलं.
काळी चूर तांबडीत मुरलेली,
मधून एक गांडूळ, ओलं, अंग आखडून बसलेलं.
कण जिभेवर ठेवला.
थुंकली नाही.
दुसरा माझ्यापुढं धरला.

मला काही कळलं नाही.
तीस वर्षांच्या धुरानं माझी जीभ कधीच भाजली.
मी म्हटलं, गोड आहे.
"खोटं बोलू नका," ती म्हणाली,
"आंबटच आहे अजून.
पण आता गिळवते."